पाखरांनी पेरलेली मिरची

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर गेलं, की गोठ्यामागच्या कडुनिंबाखाली किंवा तारेच्या कुंपणाच्या बुडाशी कधीतरी कंबरेएवढं मिरचीचं एक झुडूप उभं दिसतं. फळं नखाएवढी, लवंगेसारखी, आणि सगळी आभाळाकडे तोंड करून. कुणी लावलं म्हणून विचारावं, तर घरातून उत्तर येतं, "कुणी न्हाई, आपसूक आलंय. पाखरांनी टाकलं आसंल." त्याला कुणी खत घातलेलं नसतं, त्याच्यावर कधी पंप फिरलेला नसतो. पण रस्सा झणझणीत हवा असला, की त्याचीच दोन-चार फळं तोडून आणली जातात, कारण तेवढ्यात काम भागतं.

घरच्यांचं उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक कोडं आहे. जी मिरची माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढते, ती बुलबुलाच्या एवढ्याशा जिभेला सोसते कशी? आणि फळ कुणी खाऊ नये म्हणून झाड ते तिखट करत असेल, तर त्याला लालभडक रंग कशाला देतं? हिरव्या पानांत हिरवंच राहिलं असतं तर ते सहज लपलं असतं.

हे कोडं सुटलं, की अशी मिरची मुद्दाम वाढवायची कशी तेही समजतं. कारण तिच्या प्रत्येक सवयीमागे पाखरू आहे. ते नसेल तिथे त्याचं काम माणसाला करावं लागतं.

रानटी म्हणजे नेमकी कोणती?

आधी एक खुलासा. मिरची मुळात आपल्याकडची नाही. ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात गोव्याच्या किनाऱ्यावर आली. तोवर आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरीचा होता, आणि नव्या फळाला नावही मिरीच्याच वळणावर पडलं. म्हणजे बारामती-इंदापूरच्या माळावर अस्सल देशी रानमिरची असणं शक्यच नाही. इथे जी आपसूक उगवते ती रानात रुळलेली, पुन्हा रानटी झालेली मिरची.

मिरचीच्या तिसाहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी फक्त पाच माणसाने लागवडीखाली आणल्या. बाजारातली लांब हिरवी मिरची, ब्याडगी, संकेश्वरी आणि भाजीची ढोबळी या सगळ्या 'कॅप्सिकम ॲनम' या एकाच जातीच्या. पाखरं पेरतात ती बारीक उभी मिरची बहुधा 'कॅप्सिकम फ्रुटेसेन्स' या दुसऱ्या जातीची असते. केरळातली कांथारी तीच. ओळखायला फूल पाहावं. ॲनमचं फूल पांढरंशुभ्र आणि बहुतेक वेळा एका पेऱ्याला एकच. फ्रुटेसेन्सचं हिरवट झाक असलेलं, आणि एका पेऱ्याला दोन-तीन. आपल्याकडे 'लवंगी' हे नाव या दोन्ही जातींतल्या बारीक मिरच्यांना सर्रास लावलं जातं, त्यामुळे नावावरून बी घेतलं तर फसगत होते.

ॲनमची अस्सल रानटी पूर्वज मात्र आजही मेक्सिकोत आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या दक्षिण भागात झुडपांच्या आडोशाला उगवते. तिला 'चिल्तेपिन' म्हणतात. तिथल्या जुन्या नाहुआ भाषेत या नावाचा अर्थ पिसवेएवढी मिरची. फळ मिरीच्या दाण्याहून थोडंसं मोठं, गोल. शेडनेटमधली पाव किलोची ढोबळी हिचीच लेक, हे दोन्ही फळं शेजारी ठेवली तर पटत नाही.

खोटी आग

तिखट ही चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जीभ ओळखते. तिखट मात्र शरीर भाजल्यासारखं ओळखतं. आपल्या तोंडात आणि त्वचेत मज्जातंतूंच्या टोकांवर बारीक दारं असतात. सुमारे ४३ अंशांच्या वर काही गरम लागलं, की त्यांतलं एक दार उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, भाजलं! मिरचीतलं कॅप्सेसिन हे द्रव्य त्या दाराची बनावट किल्ली आहे. उष्णता नसतानाच ते दार उघडतं. मेंदूला खरं-खोटं कळत नाही. तो घाम आणतो, नाक वाहवतो, डोळ्यांत पाणी काढतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे दार १९९७ मध्ये शोधलं. त्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

पक्ष्यांमध्येही हे दार असतं आणि उष्णतेने ते उघडतंही. पण त्याच्या कुलपाची घडण थोडी वेगळी आहे. मिरचीची किल्ली त्यात बसतच नाही. २००२ मध्ये कोंबडीच्या पेशींवर हे तपासून झालं. म्हणून बुलबुल मिरची खातो तेव्हा तो काही सोसत नसतो. त्याला ती तिखट लागतच नाही. पिंजऱ्यातला पोपट मिरची मिटक्या मारत खातो त्याचंही कारण हेच.

ही किल्ली फळात बनते कुठे, याबद्दल घरोघरी एक गैरसमज आहे. तिखटपणा बियांत असतो असं समजून अनेकजण बिया झटकून टाकतात. खरं तर कॅप्सेसिन बनतं ते बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. मिरची कमी तिखट हवी असेल तर शीर काढावी. आणि तोंड पोळलंच तर पाण्याचा उपयोग नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतं. ठेच्यावर तेलाची धार आणि बाजूला दही ही जोडी आजीने उगाच जमवलेली नाही.

झाडाने पाखरूच का निवडलं?

आता लाल रंगाकडे. झाडाला फळ खाल्लं जायलाच हवं असतं, फक्त योग्य पाहुण्याने खावं एवढंच त्याचं म्हणणं. उंदीर-घुशीसारखे सस्तन प्राणी बी दातांखाली भरडतात. पक्ष्याला दात नाहीत. बुलबुल फळ अख्खं गिळतो आणि काही वेळाने दुसऱ्या झाडावर बसून बी शाबूत टाकतो. लाल रंग पक्ष्याला लांबून दिसतो, उंदराला तो नीट ओळखूच येत नाही. म्हणजे लाल रंग हे आमंत्रण, आणि तिखटपणा हा दारावरचा राखणदार.

जोशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नभान यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हे प्रत्यक्ष पाहिलं. रानटी मिरचीच्या झुडपांवर कॅमेरे लावले, तर फळं नेली ती पक्ष्यांनीच. मग तिखट नसलेल्या रानमिरच्या उंदरांना आणि 'थ्रॅशर' नावाच्या पक्ष्याला खाऊ घातल्या. पक्ष्याच्या विष्ठेतलं बी उगवलं, उंदरांच्या पोटातून गेलेलं एकही उगवलं नाही. २००१ मध्ये हे 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं.

पुढे बोलिव्हियात आणखी एक गोष्ट लक्षात आली. तिथल्या 'चाकोएन्स' या रानटी जातीत काही झाडं तिखट आणि काही अगदी सपक, शेजारी शेजारी उभी असतात. फळात सोंड खुपसणारे ढेकूणवर्गीय किडे जिथे जास्त, तिथे तिखट झाडंही जास्त. कारण किड्याने पाडलेल्या छिद्रातून फ्युजॅरियम नावाची बुरशी आत शिरते आणि बी कुजवते, आणि कॅप्सेसिन या बुरशीला आवर घालतं. पक्ष्याच्या पोटातून जाताना बीवरची बुरशी धुतली जाते, मुंग्यांना ओढणारा वासही जातो. २०१३ च्या अभ्यासात असं बी जगण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

एवढं चांगलं असेल तर सगळीच झाडं तिखट का नाहीत? कारण तिखटपणाची किंमत मोजावी लागते. कोरड्या भागात तिखट झाडांना पाण्याची ओढ जास्त बसते आणि त्यांना सपक झाडांपेक्षा कमी बी धरतं. जिथे बुरशीची भीती कमी आणि पाण्याची टंचाई मोठी, तिथे सपक झाड पुढे जातं. अवर्षणप्रवण पट्ट्यात शेती करणाऱ्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

माणसाने काय काय काढून घेतलं

रानमिरची पिकल्यावर हाताळून पाहावी. बोटाचा नुसता धक्का लागला तरी फळ तळहातावर येतं आणि देठाची हिरवी टोपी झाडावरच राहते. पाखराला चोचीने हिसका द्यावा लागू नये, यासाठीची ही सोय. फळ पानांच्या वर, उभं. तेही पाखराला दिसावं म्हणून. आता शेजारच्या शेडनेटमधली ढोबळी पाहा. खाली लोंबणारी, पानांआड, देठ इतका पक्का की कात्रीशिवाय तुटत नाही. हजारो वर्षं माणसाने गळून न पडणारी, लपून राहणारी, मोठी फळं निवडून त्यांचंच बी राखलं. ढोबळीत तर तिखटपणाचं बटणच बंद झालेलं आहे. 'पन-१' नावाच्या एका जनुकाचा तुकडा गळाला आणि कॅप्सेसिन बनायचं थांबलं.

या निवडीत बरंच काही हातचं गेलं, आणि ते परत आणायला रानातच जावं लागलं. ढोबळीच्या पानांवर पडणाऱ्या जिवाणूजन्य ठिपक्यांच्या रोगाला रोखणारं 'बीएस-२' हे जनुक बोलिव्हियात पाहिलेल्या त्याच चाकोएन्स जातीतून घेतलेलं आहे. बांधावरच्या चिमुकल्या मिरचीकडे तण म्हणून पाहू नये ते यासाठी.

पोटातला प्रवास आपण घडवायचा

मिरची मुद्दाम लावायला निघालेला माणूस पहिल्यांदा अडतो तो उगवणीपाशी. नेहमीच्या मिरचीचं रोप आठ-दहा दिवसांत वर येतं. रानमिरचीचं बी तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, हूं की चूं करत नाही. बी खराब निघालं असं समजून ट्रे उलटा केला जातो, आणि तिथेच सगळं संपतं. हे बी झोपेत असतं. रानात सगळं बी एका पावसाला उगवलं आणि पुढे पावसाने दडी मारली तर वंशच बुडेल, म्हणून ते टप्प्याटप्प्याने जागं होतं.

झाडावरच पूर्ण लाल झालेली, किंचित मऊ पडलेली फळं घ्यावीत. हातमोजे घालूनच ती फोडावीत. गर आणि शीर काढून बी दोन-तीन पाण्यांत चोळून धुवावं आणि सावलीत सुकवावं. गर राहिला तर बुरशी आणि मुंग्या दोन्ही येतात. पेरणीआधी बी दिवसभर कोमट पाण्यात भिजवून ट्रायकोडर्मा चोळावं. पाखराच्या पोटात जे घडतं त्याची ही घरगुती नक्कल.

झोप मोडायला जिबरेलिक आम्लाच्या पातळ द्रावणाचाही उपयोग होतो. इंदापुरातल्या बोरी भागातल्या द्राक्षबागायतदारांना ते 'जीए' या नावाने चांगलं माहीत आहे. द्राक्षाचा मणी फुगवणारं हे संजीवक बियांतल्या कोंबालाही जागं करतं.

प्रो-ट्रेमध्ये कोकोपीट भरून बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावं. उगवणीला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. थंडीत ट्रे पॉलिथिनखाली झाकावा, कडक उन्हात शेडनेटखाली ठेवावा. फेब्रुवारीअखेर बी टाकलं तर मृगाच्या सुमारास रोप हाताशी येतं. हे रोप सावकाश वाढतं, त्याच्याकडून नेहमीच्या मिरचीच्या रोपासारखी सहा आठवड्यांत लागणीची अपेक्षा ठेवू नये.

चौकट : लागणीआधी एवढं पाहावं
जमीन : पाण्याचा निचरा होणारी, मुरूम मिसळलेली चालते, चोपण नको.
जागा : झाडाच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली.
अंतर : दोन रोपांत साधारण तीन फूट.
खड्डा : फूटभर, माती, कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत.
आच्छादन : उसाचं पाचट, बुंध्यापासून चार बोटं लांब.
आयुष्य : नीट जपलं तर तीन-चार वर्षं.

झुडपाची सावली

अमेरिकेतल्या वाळवंटी भागात चिल्तेपिन उघड्यावर क्वचितच सापडते. ती दुसऱ्या झुडपाच्या आडोशाला असते. पाखरू तिथे बसतं, तिथेच बी टाकतं आणि तिथेच रोपाला सावली मिळते. अशा आडोशाच्या झाडाला दाईझाड म्हणता येईल. निमगाव केतकीच्या पानमळ्यांत वेलीला आधार आणि सावली देणारी शेवरी किंवा पांगारा असतो, काहीसं तसंच.

बारामती-इंदापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. एवढ्या उन्हात मिरचीचं झाड जगतं, पण फूल टिकत नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की कळ्या गळतात. मे महिन्यात सडा पडला म्हणून औषधांच्या दुकानाकडे धावू नये. पहिल्या पावसाने हवा निवली की झाड पुन्हा धरतं. शेवगा, हदगा किंवा कडुनिंबाची विरळ सावली मिळाली तर गळ कमी होते. आंब्याखालची दाट सावली मात्र नको. तिथे झाड नुसतं उंच होतं, फळं धरत नाहीत.

पाणी, चुनखड आणि चुरडा-मुरडा

नीरा डाव्या कालव्याने या दोन तालुक्यांना ऊस दिला, आणि काही जमिनींना क्षारही दिले. मिरची क्षारांच्या बाबतीत नाजूक आहे. मातीतल्या क्षारांचं मोजमाप असलेली विद्युतवाहकता मीटरला १.५ डेसिसायमनच्या वर गेली, की उत्पादन घटायला लागतं. उसाच्या फडाला लागून, पाट झिरपतो त्या बांधावर ही मिरची लावली तर मुळं कुजून झाड उभं वाळतं. गादीवाफा करावा, ठिबकने थोडं थोडं पाणी द्यावं. क्षार आणि दुष्काळासारख्या ताणांवरच काम करणारी राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून बारामतीजवळच्या माळेगावात आहे. माळेगाव परिसरातच शारदानगरला कृषी विज्ञान केंद्रही आहे. माती-पाणी आधी तपासून घेतलं की पुढचं वर्ष वाया जात नाही.

चुनखडीच्या जमिनीत आणखी एक खूण दिसते. शेंड्याची पानं पिवळी, पण शिरा हिरव्या. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह दिलं, शेणखत वाढवलं, की पानं हिरवी होतात.

तिखट झाडाला कीड लागत नाही, हा समज मात्र सोडावा लागतो. कॅप्सेसिन फळात असतं, पानात त्याचं संरक्षण जवळजवळ नाही. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी लवंगीच्या पानांवरही येतात आणि चुरडा-मुरडा होतो. पानं आखडून वाटीसारखी झाली की झाड खुंटलंच म्हणायचं. रोपवाटिकेला बारीक जाळी, लागणीनंतर पिवळे-निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क एवढं वेळेवर केलं, तर चार-सहा झाडांची परसबाग सहज निभते. विषाणू लागलेलं झाड उपटून टाकावं, जीव अडकवू नये.

तोडणी, आणि बी राखणं

या मिरचीचं शेत का होत नाही, ते तोडणीला बसल्यावर कळतं. लांब मिरचीची पाटी भरते तेवढ्या वेळात हिचा पेलाही भरत नाही. संध्याकाळी बोटांची आग होते ती वेगळीच. साबणाआधी हाताला तेल चोळावं, आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये. बुलबुल पहाटेच येतात, म्हणून घरासाठी हवी असलेली फांदी पातळ कापडाने बांधावी. बाकीची त्यांना राहू द्यावी.

कापडाचा दुसराही उपयोग आहे. तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली की ढोबळीही तिखट होते, असं बरेच शेतकरी सांगतात. त्या हंगामात तसं होत नाही, कारण तिखट बनवणारी शीर आईझाडाची असते. पराग कुठूनही आला तरी ती बदलत नाही. बी मात्र संकरित होऊ शकतं. मधमाश्या मिरचीच्या फुलांवर फिरतात, आणि चिल्तेपिन तर ढोबळीच्याच जातीची. म्हणून बियाण्याची फांदी कळीवर असतानाच पिशवीत बांधावी, हलक्या हाताने रोज हलवावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून त्या फळांना दोरा बांधून ठेवावा.

ज्यांना बी, जीए आणि ट्रे यांचा एवढा खटाटोप नको, त्यांनी मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जुन्या झुडपाच्या आसपास, तारेखाली आणि कडुनिंबाच्या आळ्यात वाकून पाहावं. चार-सहा पानांवर आलेली रोपं तिथे मिळतात. खुरप्याने मुळाभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट रोप उचलावं, ढगाळ संध्याकाळी नव्या खड्ड्यात ठेवावं आणि पश्चिमेच्या बाजूने आठ दिवस एरंडाच्या पानाचा आडोसा करावा.